लाँचच्या तळातला खड्डा

लोखंडाला गंज चढतो तेव्हा तो सगळीकडे सारखा चढत नाही, हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. माझ्या माहेरी लोखंड म्हणजे कोयता, विळी आणि विहिरीवरची कडी. गंजली की राखेने घासायची आणि खोबरेलाचं बोट फिरवायचं. गंज म्हणजे वर चढलेला रंग, एवढीच माझी समजूत. तो एका जागी धरून खाली खाली उतरतो आणि आजूबाजूचा पत्रा धडधाकट असताना मोहरीएवढ्या जागेतून पाणी आत घेतो, हे मला ह्यांनी दाखवलं.

हे मुंबईला गोदीत फिटर होते. छातीच्या दुखण्याने रत्नागिरीला परत आले आणि इथल्या एका शेठच्या लाँचवर लागले. लाँच वाफेवर चालायची. खाडीतून माणसं पलीकडे न्यायची, आणि बाहेर आगबोट लागली की उतारू आणायला तिथवरही जायची. इंजीन, बॉयलर, तळ, सगळं ह्यांच्याकडे. मी मराठी चौथी शिकलेली, त्यामुळे ह्यांच्या वहीतले आकडे मला वाचता यायचे, पण पहिली दोन-तीन वर्षं ते कशाचे आहेत हे विचारायचा धीर झाला नाही. मी एकूणच कमी बोलते. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे तिसऱ्यातून मास काढण्यासारखं." तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, आमच्याकडे नेहमी व्हायच्या, तेव्हा त्यांना ते पटकन सुचलं असावं.

हे लिहिते आहे ते ह्यांना माहीत नाही. माहीत झालं तर म्हणतील, लिहायचं तर निदान आकडे बरोबर लिही. म्हणून आकडे त्यांच्या वहीतूनच घेतले आहेत.

मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. उन्हाळा संपता संपता लाँच खडकाला घासली आणि तळाची एक पट्टी कापून नवी घालावी लागली. जुनी पट्टी भंगारात जायची ती ह्यांनी शेठकडून मागून घेतली आणि घरी आणून तिचे वीतभर लांब, वीतभर रुंद असे सोळा तुकडे केले. मागच्या पडवीत मांडून ठेवले. सासूबाई म्हणाल्या, "हे काय, आता पत्र्याचं वाळवण घातलंस?" ह्यांनी हसून मान हलवली आणि कामाला लागले.

खड्डा मोजायला त्यांनी स्वतः एक हत्यार केलं होतं. तीन पायांची छोटी तिपाई, मधून खाली उतरणारा बारीक आट्यांचा स्क्रू, त्याचं टोक सुईसारखं घासलेलं. स्क्रूच्या डोक्याला चार खाचा. तिपाई खड्ड्यावर ठेवायची, टोक तळाला लागेपर्यंत स्क्रू फिरवायचा आणि किती खाचा फिरल्या ते मोजायचं. लाँचच्या तळाचा पत्रा होता पाव इंच जाड, म्हणजे स्क्रूचे पाच फेरे, म्हणजे वीस खाचा. वीस खाचांचा खड्डा म्हणजे आरपार भोक.

मोजायचं काम लवकरच माझ्याकडे आलं. भट्टीपुढे बसून बसून ह्यांची नजर अधू झाली होती, खाच बरोबर कुठे आली ते दिसायचं नाही. मी टोक खाली लावायची, हळू फिरवायची आणि आकडा सांगायची. ह्यांनी एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा बजावली होती. टोक तळाला लागलं की थांबायचं. त्यानंतर जोर केला तर स्क्रू आणखी फिरतो, पण खड्डा काही खोल होत नाही, तिपाईचे पायच पत्र्यावरून उचलले जातात. आकडा वाढतो आणि तो खोटा असतो. हाताला कळतं ते. दोन दिवसांत मला कळायला लागलं.

प्रत्येक तुकड्यातला फक्त सगळ्यात खोल खड्डा वहीत लिहायचा, बाकीचे सोडून द्यायचे. मी विचारलं, "बाकीचे इतके खड्डे आहेत, त्यांचं काय?"

"त्यांचं काही नाही. बोट बुडवायला एकच खड्डा पुरतो."

एके दिवशी मी भाकऱ्या थापत होते तेव्हा हे चुलीपाशी येऊन बसले. त्यांना काही सुचलं की ते असे येऊन बसायचे. म्हणाले, "एका माडाचे नारळ काढले तर त्यातला सगळ्यात मोठा नारळ केवढा असेल?"

"असेल आपला चांगला."

"आणि भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या माडांचे काढले तर?"

"त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे फारच मोठा असणार."

"कुठल्या माडावर असेल?"

"ते कसं सांगू?"

"पण असणार हे सांगितलंस."

"हो. तेवढं कुणीही सांगेल."

"केवढा, ते सांगता आलं पाहिजे," ते म्हणाले आणि वही उघडून माझ्यापुढे धरली. माझे हात पिठाचे होते म्हणून पानं तेच उलटत होते.

त्यांनी केलं होतं असं. सोळा तुकडे, प्रत्येकाचा सगळ्यात खोल खड्डा. मग दोन-दोन तुकड्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतला सगळ्यात खोल. मग चार-चारचे गट, मग आठ-आठचे, मग सगळे सोळा मिळून. जागा दुप्पट झाली की खड्डा दुप्पट होत नव्हता. पण दर दुपटीला साधारण एक खाच वाढत होती. एका तुकड्यात बहुतेक चार खाचा, दोन तुकड्यांत पाच, चार तुकड्यांत सहा, असं. लाँचचा सगळा तळ म्हणजे असे दोनशे छपन्न तुकडे. एकापासून दोनशे छपन्नपर्यंत जायला आठ वेळा दुप्पट करावी लागते. ते मी भाकरी तव्यावर टाकता टाकता तोंडी केलं. चार आणि आठ बारा.

"म्हणजे तळात कुठेतरी बारा खाचांचा खड्डा आहे," मी म्हणाले.

"असायला हवा. आठ शिल्लक राहतात. एका हंगामात गंज चारेक खाचा खातो. अजून दोन हंगाम निघतील."

ते हे कुठे शिकले नव्हते. गोदीतल्या मोठ्या साहेबांनीही असं कधी केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. तिथे पत्रा चार ठिकाणी भोक पाडून मोजायचे, त्याची सरासरी काढायचे आणि पास करायचे. एका बोटीचा तळ असाच सरासरीने पास झालेला, आणि ती गोदीतून निघून मुंबईचं बंदर सोडायच्या आत पाणी घ्यायला लागली. तेव्हापासून सरासरी हा शब्द ऐकला की हे तोंड वाईट करायचे. माझ्या ओळखीत इतर माणसं होती, त्यांना एखादी गोष्ट खटकली की ती तक्रार करायची. ह्यांना खटकली की हे वही काढायचे.

शेठनी विचारलं होतं तळ पुढच्या हंगामाला चालेल का. हे जाऊन सांगून आले, खड्डा बारा खाचांचा असेल, पत्रा वीसचा आहे, चालेल, दोन हंगाम चालेल.

त्यानंतर दिव्यांची अवस आली.

आषाढातल्या ह्या अवसेला घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं घासून पुजायची. आमच्याकडे पितळ कोकमाने घासतात. सासूबाईंनी कोकमाची सालं मोठ्या घमेल्यात भिजत घातली, पाणी लालभडक आणि आंबट झालं, आणि आम्ही दोघींनी दिवे घासून लख्ख केले. ते झाल्यावर घमेल्यात एवढं पाणी उरलं. सासूबाई कोकमाच्या बाबतीत फार चिकट. म्हणाल्या, "फेकू नको गो. अजून आंबट आहे. काही घासायचं राहिलं असेल तर बघ."

मी पडवीत पाहिलं तर ते सोळा तुकडे. गंजाने तांबडे, खरबरीत. अवसेला घरात सगळं उजळ असावं आणि हेच तेवढं कळकट दिसत होतं. ह्यांचं मोजून झालं होतं, वहीत आकडे आले होते. मला वाटलं, स्वच्छ करून ठेवले तर ह्यांना बरं वाटेल. तुकडे घमेल्यात उभे करून ठेवले, दुसऱ्या दिवशी सकाळी नारळाच्या सोडणाने खसाखसा घासले. तांबडं पाणी निघालं. धुऊन पुसून, समयांच्या शेजारी ओळीने लावून ठेवले.

हे अंघोळ करून आले आणि तिथेच उभे राहिले. मी वाट पाहत होते काहीतरी म्हणतील म्हणून. मग खाली बसले, एक तुकडा उचलून उन्हाकडे तिरका धरला.

"हे कुणी केलं?"

सासूबाईंनी आतून सांगितलं, "मी सांगितलं तिला. काय बिघडलं त्यात? भंगार ते."

"स्क्रू आण," हे म्हणाले.

मी आणला. आकड्यावर विश्वास बसेना म्हणून पहिला तुकडा दोनदा मोजला. नऊ. ज्या तुकड्यात मी चार मोजले होते त्याच तुकड्यात नऊ. दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात दहा, चौथ्यात पुन्हा नऊ. खड्डे गंजाने भरलेले होते. तो दडपून बसलेला गंज इतका घट्ट की स्क्रूचं टोक त्यावर थांबायचं आणि मला वाटायचं तळ लागला. हाताला कळतं, असं मी म्हणत होते, पण ते कळलं नव्हतं.

मी रडायला लागले. इतक्या दिवसांची मेहनत मी बिघडवली असं मला वाटलं. त्यात सगळे आकडे मीच सांगितलेले.

"रडतेस कशाला?" हे म्हणाले. "हे आपण आधीच करायला पाहिजे होतं. मला सुचलं नाही, तू केलंस. पुढचा तुकडा घे."

मला त्यांच्याबद्दल जे वाटतं ते बहुतेक त्या वाक्यापासून सुरू झालं असावं. दुसऱ्या कुणी निदान घमेलं तरी लाथाडलं असतं.

सोळाही पुन्हा मोजले. जोड्या लावल्या, गट केले. दर दुपटीला एक खाच, ते तसंच राहिलं होतं. फक्त सुरुवात चारऐवजी नवापासून. नऊ आणि आठ सतरा. वीसमधून तीन शिल्लक, म्हणजे एक हंगामही पुरता निघायचा नाही.

त्यांनी लगेच कुणाला काही सांगितलं नाही. आधी दुकानातून नवा कोरा पत्रा आणला, त्याचे दोन तुकडे केले आणि त्यातला एक माझ्या त्याच कोकमाच्या पाण्यात दिवस-रात्र बुडवून ठेवला. कोकमानेच तर खड्डे पाडले नाहीत ना, हे बघायला. बाहेर काढला तेव्हा काळपट झाला होता, पण खड्डा एकही नाही. स्क्रूला एक खाचसुद्धा फिरायला जागा मिळाली नाही. मग त्यांनी टोपी घातली.

"कुठे निघालात?"

"शेठकडे. चालेल म्हणून सांगून आलोय. नाही चालणार म्हणून सांगायला हवं."

सासूबाई म्हणाल्या, "एकदा हो म्हणालास, आता नाय म्हणतोस. तो ठेवील का तुला कामावर?"

"नाही ठेवला तर नाही. पण गणपतीला मुंबईची माणसं येतील, पोरंबाळं, ट्रंका. एका खेपेला किती भरतात ते तू बघितलंयस, आई."

त्या दिवशी काय झालं ते ह्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. शेठ ओटीवर सुपारी कातरत होते, शेजारी लाँचचा तांडेल, म्हणजे सुकाणूवरचा माणूस. शेठ ऐकून म्हणाले, "परवा बारा म्हणालास, आज सतरा. उद्या तेवीस म्हणशील. पत्राच वीसचा आहे."

"परवा चुकलो होतो शेठ. खड्डे गंजाने बुजलेले होते."

"आणि आज उघडे कसे झाले?"

ह्यांनी कोकमाचं सांगितलं. त्यावर दोघं इतके हसले की तांडेलाला ठसका लागला. "म्हणजे वयनींनी लाँचचं सार केलं," तांडेल म्हणाला. "लाँच हातोड्याने वाजवून बघा, शेठ. मी काल वाजवली. ठण् वाजते. चार-पाचच्या वर खड्डा नाय."

"बरं, सतरा तर सतरा," शेठ म्हणाले. "कुठे आहे तो? दाखव, तेवढ्याला थिगळ लावू."

"कुठे आहे ते नाही सांगता येत."

"आहे, पण कुठे ते माहीत नाही. मग मी ग्रामदेवतेला कौल लावतो ना. उजवी पाकळी पडली तर आहे, डावी पडली तर नाही. तुझ्यापेक्षा गुरव स्वस्त पडेल."

हे रागावले नाहीत. म्हणाले, "तळ पूर्ण उघडून साफ करू द्या. नारळी पौर्णिमेपर्यंत. शोधून दाखवतो."

शेठनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "कर. सतरा दाखवलेस तर सगळा तळ बदलतो. नाही दाखवलेस तर पौर्णिमेला लाँच पाण्यात, आणि तू दुसरीकडे काम बघ. एकदा हो आणि एकदा नाही म्हणणारा फिटर मला नको."

जेमतेम बारा-तेरा दिवस होते. लाँच किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांच्या मांडवात ठेवलेली. आतल्या फळ्या काढल्या, तळाचं साचलेलं पाणी, कोळशाचा चिखल उपसला. गंज काढायचा तर कोकमाचं पाणी हवं, आणि तेही घमेलंभर नाही. सासूबाईंनी वर्षाचं कोकम बरणीत भरून ठेवलेलं. त्या आधी बरणीवर हात ठेवून बसल्या. मग स्वतःच उठून दोन बरण्या बाहेर आणून ठेवल्या. म्हणाल्या, "वर्षभर सार नाय मिळायचं. कुणी तोंड वाकडं करायचं नाय." शेजारणींकडूनही मागून आणलं. गोणपाटं त्या पाण्यात भिजवून तळावर पसरायची, दुसऱ्या दिवशी उचलून सोडणाने आणि तारेच्या ब्रशने घासायचं, कोरडं करायचं, आणि वीत-वीत जागा खडूने आखून मोजायची. घासायचं काम ह्यांचं. मोजायचं माझं.

मला तिथे जायची लाज वाटायची. बायका लाँचमध्ये बसायच्या, पण लाँचच्या पोटात कुणी उतरत नसे. पदर कमरेला घट्ट खोचून मी उतरायची आणि कुणी किनाऱ्यावरून जाताना दिसलं की डोकं खाली घालून बसायची. पाऊस झापांवर पडत असायचा, आत कोकमाचा आणि कोळशाचा वास. मी आकडा सांगायची, हे लिहायचे. सात. नऊ. नऊ. अकरा. आठ. कधी कधी तासभर आकड्यांखेरीज आमच्यात काही बोलणं व्हायचं नाही, आणि तरी घरी जाताना मला वाटायचं की आज खूप बोललो.

एकदा मी न राहवून विचारलं, "नाही निघाला सतरा तर?"

"तर माझा हिशेब चुकला. मग तो का चुकला ते बघायला लागेल."

"आणि काम?"

"काम काय, मुंबईला मिळेल."

मुंबईची हवा त्यांना मानवायची नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. खोकल्यातून पडलेलं रक्त मी स्वतः पाहिलं होतं. तरी त्यांनी ते अशा सुरात सांगितलं की जणू बाजारातून भाजी आणायची आहे. त्या दिवसापासून प्रत्येक खड्ड्यावर तिपाई ठेवताना मी मनात म्हणायची, सतरा निघू दे. सतरा निघाला नाही तर हे मुंबईला जाणार, आणि मुंबईहून परत येतीलच असं नाही.

आठ दिवसांत तेरा निघाला, एका जागी चौदा. दहाव्या दिवशी इंजिनाच्या खाली पंधरा. मग काही नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी फक्त पुढचं टोक राहिलं, नाळेच्या आतली चिंचोळी जागा. तिथे ह्यांचे खांदे मावत नव्हते. त्याच्याही आदल्या दिवशी मीच सरपटत जाऊन तिथे गोणपाट टाकलं होतं, त्या दिवशी मीच घासलं.

शेठ आणि तांडेल नेमके तेव्हा आले. मी आत पालथी पडलेली, बाहेरचं मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.

"काय फिटर, मिळाला का तुमचा सतरा?"

"पंधरा मिळालाय. थोडी जागा राहिलीय."

"पंधरा?" हे तांडेलाने विचारलं. त्याच्या आवाजात पहिल्यांदा हसू नव्हतं. "इंजिनाखाली? तिथे तर मी वाजवून बघितलं होतं."

"पंधरा म्हणजे सतरा नव्हे," शेठ म्हणाले. "बोलणं झालंय आपलं."

मी चाचपडत होते. नाळेच्या सांध्याजवळ बोटाला एक खड्डा लागला, वाटाण्याएवढा, कडा धारदार. मी मेणबत्ती जवळ घेतली, तिपाई बसवली आणि स्क्रू फिरवायला लागले. एक फेरा. दोन. तीन. टोक अजून लागलं नव्हतं. चौथा फेरा पुरा होताना टोक टेकलं. सोळा.

मी थोडा जोर केला. तिपाईचा एक पाय पत्र्यावरून उचलला गेल्याचं हाताला कळलं. आता कळत होतं. आणखी एक खाच फिरवली असती तर सतरा झाले असते. बाहेर तिघं उभे होते आणि आत येऊ शकेल असं त्यांच्यात कुणी नव्हतं. शेठचं पोट तर पहिल्या फळीलाच अडकलं असतं. मी म्हणेन तो आकडा.

ह्यांनी विचारलं, "आहे का गो काही?"

माझ्या डोळ्यांपुढे ती वही आली. तिच्यात चार, पाच, सहा असे पहिले चुकीचे आकडेही होते. ते त्यांनी खोडले नव्हते. शेजारी लिहिलं होतं, गंजासकट मोजले. माझ्या हातून झालेली चूक त्यांनी तशीच ठेवली होती, नुसती तिला नाव दिलं होतं. आता मी मुद्दाम आकडा सांगितला असता तर तो त्या पानावर कायम राहिला असता, आणि त्यावरून ते पुढचे हिशेब करत बसले असते.

स्क्रू मागे घेतला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सोळा," मी म्हणाले.

बाहेरून ह्यांचा आवाज आला, "पुन्हा मोज."

"दोनदा मोजलं. सोळा. पुढे जागा संपली."

"सोळा," शेठ म्हणाले. "सतरा म्हणाला होतास."

"हो. एका खाचेने चुकलो."

"मग?"

"मग काही नाही. बोलल्याप्रमाणे. पण शेठ, मला काढा आणि लाँच पाण्यात नका घालू. ही दोन वेगळी कामं आहेत."

मी आत तशीच पडून होते. बाहेर यायचा धीर होत नव्हता. शेठनी तांडेलाला विचारलं, "तू किती म्हणाला होतास?"

"चार-पाच."

"मीही तेवढेच धरले होते." मग शेठ म्हणाले, "तांडेल, ती बाई आत एकटी होती. सतरा म्हणाली असती तर आपल्याला कुठे कळलं असतं?"

"नाय कळलं असतं."

"नवऱ्याचं काम जातंय हे माहीत असून सोळा म्हणाली. म्हणजे सोळा आहेच." त्यांनी काठी वाळूत रोवल्याचा आवाज झाला. "एका खाचेसाठी मी शंभर माणसं भरून लाँच सोडू? लोहाराला बोलवा. तळ बदला. आणि फिटर, ती एक खाच मी विसरणार नाही. जन्मभर ऐकवीन."

"ऐकवा," हे म्हणाले.

शेठ गेल्यावर मी बाहेर आले. तोंड, हात, पातळ, सगळं काळंतांबडं. हे वहीत लिहीत होते. एका रकान्यात, अंदाज सतरा. दुसऱ्यात, मिळाला सोळा. त्याखाली त्यांनी लिहिलं, एक कमी का? आणि पेन्सिल कानाला लावून तिथेच वाळूवर बसून विचार करायला लागले. काम वाचलं ह्याचं त्यांच्या लक्षात आलंय की नाही, मला कळेना. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाले, "नाळेकडे पत्रा अरुंद आहे. मी दोनशे छपन्न धरले, कदाचित तेवढे नसतील." मी म्हणाले, "घरी चला, तुमचे कपडे भिजलेत." ते उठले, पण वाटेत पुन्हा तेच बोलत होते.

लोहारांनी जुना पत्रा काढला तेव्हा नाळेतल्या त्या जागेवर एकाने छिन्नीचा हलका ठोका दिला. छिन्नी आरपार गेली. त्या लोहाराने मान वर करून शेठकडे बघितलं. शेठनी त्या भोकात करंगळी घालून पाहिली.

नवा तळ बसवून लाँच पाण्यात जायला गणपती उलटून गेले. त्या गणपतीला मुंबईची माणसं पडावातून, म्हणजे शिडाच्या उघड्या होडीतून उतरली, भिजली, खूप कुरकुर झाली. बाजारात लोक ह्यांच्याकडे बोट दाखवायचे, ह्याच्यामुळे. हे मान खाली घालून कोळसा आणि रंग आणायला जायचे. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं असं नाही. एकदा मला म्हणाले, "न बुडालेली बोट कुणाला दिसत नाही ना."

गौरी गेल्यावर मी दोन दिवस माहेरी निघाले. खाडी पडावातून ओलांडायची होती. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर बोचकं, त्यावर पाणी उडत होतं. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलत होती. "चांगली लाँच होती. कोण तो मेला फिटर, त्याने म्हणे सगळी उकलून ठेवली. भोक पडेल म्हणाला. पडलं होतं का भोक? नव्हतं. आणि आम्ही भिजतोय." समोरचे दोघं-तिघं हसले. एक म्हणाला, "त्याच्या बायकोने म्हणे लाँच कोकमाने घासली."

मी ओळख नसलेल्या माणसांशी कधी बोलत नाही. पडावात तर नाहीच. त्या दिवशी मी म्हातारीचं बोचकं तिच्या मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर घेतलं, त्यावर माझा पदर टाकला आणि म्हणाले, "ते फिटर माझे यजमान. कोकमाने मी घासली. सोळा खाचांचा खड्डा होता, वीसचा पत्रा."

म्हातारीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "म्हणजे किती राहिलं होतं?" तिने विचारलं.

मी अंगठ्याच्या नखाची कड तिच्यापुढे धरली. "एवढंसं. आणि त्यावर तुम्ही सगळे बसला असता."

म्हातारीने माझा अंगठा हातात घेतला आणि पलीकडच्या किनाऱ्याला लागेपर्यंत तो सोडला नाही.